कॅन्सरच्या उपचाराला आयुर्वेदाची जोड द्यायची असेल तर

इंदूरमधील मराठी घरांत कॅन्सरचे निदान झाले की दोन हालचाली एकाच आठवड्यात सुरू होतात. एकीकडे बायॉप्सीचा अहवाल, स्कॅन, शासकीय कर्करोग रुग्णालयातील किंवा खासगी रुग्णालयातील तपासणी, आणि पुष्कळदा अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये घेतलेले दुसरे मत. दुसरीकडे कोणी काका गुळवेलीची कांडी आणून देतात, कोणी मावशी गव्हांकुराचा रस सुचवतात, सियागंजातून अश्वगंधा येते आणि दवा बाजारातून आणलेल्या गोळ्यांच्या शेजारी तिचा डबा ठेवला जातो. यामागील माया खरी असते, परंतु हे सर्व बहुतेक वेळा डॉक्टरांना न सांगता चालते, आणि खरा धोका तेथेच असतो.

या लेखाचे म्हणणे असे की कॅन्सरच्या उपचारासोबत आयुर्वेदातील काही गोष्टी घेता येतात, मात्र गाठीवरचा उपचार कॅन्सरतज्ज्ञाचाच असला पाहिजे. भूक, झोप, पोट, थकवा आणि तोंडातील फोड यांसाठी वैद्यांची मदत घ्यावी, आणि रुग्णाच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू दोघांनाही माहीत असावी.

आधी मुख्य उपचाराची तारीख

पहिले काम म्हणजे शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन यांचे वेळापत्रक पक्के करणे. ‘आधी दोन महिने काढा घेऊन पाहू, गाठ कमी झाली नाही तर ऑपरेशन करू’ हा विचार ऐकायला संयमाचा वाटतो, पण तो फार महागात पडतो. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात, कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेला नसतानाही ज्यांनी प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून अधिक होता. जो आजार सुरुवातीला बरा होण्याजोगा असतो, त्यातच उशिराची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

शस्त्रक्रिया म्हणजे आयुर्वेदाशी द्रोह, असे मानणाऱ्या ज्येष्ठांना सुश्रुतसंहिता दाखवावी. तिच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी, म्हणजे वाढणाऱ्या गाठीविषयी, स्पष्ट सांगितले आहे की ते काढताना अंश मागे राहिला तर ते पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे. आजचा सर्जन गाठीच्या कडा स्वच्छ आहेत का, हे पॅथॉलॉजीच्या अहवालात पाहतो, त्यामागची चिंताही हीच असते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. सदाफुलीपासून कॅन्सरचे औषध बनते, हे खरे आहे. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे याच झाडातून मिळाली. मात्र ती शुद्ध करून, अत्यंत लहान व मोजलेल्या मात्रेत, शिरेतून दिली जातात, आणि तरीही त्यांचे मज्जातंतूंवर व रक्तपेशींवर दुष्परिणाम होतात. अंगणातील सदाफुलीची पाने चघळल्याने औषधाची मात्रा मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. सोमलाचेही, म्हणजे आर्सेनिकचेही, तसेच आहे. रक्ताच्या एका विशिष्ट कॅन्सरमध्ये आर्सेनिक ट्रायऑक्साइड वापरतात, पण रुग्णालयात, वारंवार ईसीजी आणि रक्ततपासण्या करत. त्यावरून बाजारातील सोमलयुक्त पुडी प्रत्येक कॅन्सरवर चालेल, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे.

एक कागद, जो दोन्ही दवाखान्यांत जाईल

रुग्णाच्या फाइलमध्ये सर्वांत वर एक कागद लावावा आणि त्यावर रुग्ण घेत असलेली प्रत्येक वस्तू लिहावी. केवळ ‘आयुर्वेदिक औषध चालू आहे’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. औषधाचे पूर्ण नाव, कंपनी, लेबलवरील घटक, किती वेळा व किती मात्रेत, कशाबरोबर घेतले जाते, केव्हा सुरू केले, कोणी सांगितले, एवढे त्यात हवे. च्यवनप्राश, सकाळचा काढा, त्रिफळा चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल, प्रोटीन पावडर, मधुमेहासाठी घेतलेला कारल्याचा रस, सांधेदुखीचा गुग्गुळ हेही त्या यादीत आले पाहिजे, कारण घरच्यांच्या लेखी ही ‘औषधे’ नसतात आणि म्हणून ती सांगितली जात नाहीत. बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. त्याच कागदाच्या मागील बाजूस केमोच्या औषधांची नावे, सायकलच्या, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीच्या, तारखा आणि ताज्या तपासणीतील पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृतासाठी) हे आकडे लिहावेत, म्हणजे वैद्यांनाही समोर नेमके काय आहे ते कळेल.

ज्या वस्तूचे नाव आणि घटक लिहिता येत नाहीत ती घेऊ नये, ही कसोटी कडक वाटली तरी पाळावी. कागदात बांधून दिलेल्या बिननावाच्या पुड्या या कसोटीवर टिकत नाहीत, आणि टिकू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. स्टेरॉइडने भूक लागते आणि अंगात तरतरी येते, त्यामुळे ‘चार दिवसांत फरक पडला’ असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. आधीच पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला मात्र त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो, आणि त्याचा ताप झाकला जाऊन संसर्ग उशिरा लक्षात येतो.

आता डॉक्टरांना विचारण्याविषयी. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना ‘आयुर्वेदिक चालेल का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘सगळे बंद करा’ असेच मिळते. रुग्ण हिरमुसतो, आणि पुढच्या वेळेपासून सांगणेच थांबवतो. माझ्या मते यात चूक प्रश्नाच्या ढोबळपणाची अधिक आहे. त्याऐवजी कागद पुढे करून असे विचारावे: ‘डॉक्टर, यांना पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. रात्री त्रिफळा अर्धा चमचा आणि दिवसा आल्याचा तुकडा घेतात. पुढची सायकल सोमवारी आहे. यांपैकी काय थांबवू आणि किती दिवस?’ अशा प्रश्नाला उत्तर द्यायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो, आणि ते उत्तर पाळण्याजोगे असते. रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट असेल तर हाच कागद त्यांनाही दाखवावा. औषधांचे परस्परपरिणाम तपासणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

औषधे एकमेकांत कशी अडकतात

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर यकृतात आहे. केमोची व टार्गेटेड थेरपीची (कॅन्सरपेशींतील ठराविक घटकावर नेम धरणाऱ्या उपचाराची) अनेक औषधे यकृतातील ठराविक एन्झाइमांमुळे मोडली जातात आणि त्यांची मात्रा त्या वेगाचा हिशेब धरूनच ठरवलेली असते. मिऱ्यात व पिंपळीत असणारे पायपरिन ही यंत्रणा मंद करते, त्यामुळे औषध रक्तात अधिक काळ व अधिक प्रमाणात राहून त्याचे विषारी परिणाम वाढू शकतात. गुग्गुळातील घटक उलट तिला चालना देऊ शकतात. मग औषध लवकर निघून जाते आणि गाठीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणजे गाठीसाठी हमखास सुचवला जाणारा कांचनार गुग्गुळ, ज्यात गुग्गुळाबरोबर त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरे व पिंपळीही असते, एकाच गोळीत दोन्ही दिशांनी ओढणारा ठरू शकतो. भाजीतील चिमूटभर मिरपूड आणि वरणातील हळद यांना घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न कॅप्सूलचा, अर्काचा आणि चमचा-चमचा घेतलेल्या चूर्णाचा आहे.

हळदीचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांना कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतील मुख्य घटकाच्या, कॅप्सूल, विशेषतः पायपरिनसह, दिल्या असता रक्तातील एन्डॉक्सिफेनची पातळी घटल्याचे नेदरलँड्समधील एका अभ्यासात दिसले. एन्डॉक्सिफेन हे टॅमॉक्सिफेनचे शरीरात तयार होणारे प्रत्यक्ष काम करणारे रूप आहे. कॅन्सर परतू नये म्हणून घेतलेली हळदीची कॅप्सूल अशा रीतीने त्याच हेतूच्या गोळीचे बळ कमी करू शकते.

गुळवेल आणि अश्वगंधा या दोन्ही वनस्पतींमुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत. गुळवेलीविषयीचा मुंबईतील रुग्णांचा अहवाल 2021 मधील आहे, आणि त्या निष्कर्षाला आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. रुग्णापुरता व्यवहार असा की केमोच्या मध्यावर एसजीपीटी वाढले, तर दोष केमोचा की काढ्याचा हे डॉक्टरांना ठरवता येत नाही आणि पुढची सायकल लांबते. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारा उपचार) चालू असलेल्यांनी, तसेच अवयवरोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार असलेल्यांनी, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काहीही स्वतःहून घेऊ नये. अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन व थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकतात, म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आणि थायरॉइडची गोळी चालू असताना ती टाळलेली बरी.

ज्येष्ठमध घशाला बरा वाटतो, पण रोज पोटात गेला तर रक्तातील पोटॅशियम घटवतो व रक्तदाब वाढवतो. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध आणि स्टेरॉइड यांनीही पोटॅशियम कमी होते, आणि तिन्ही एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्यार्क असते, साधारण 5 ते 10 टक्के, आणि तोंड आले असताना ते जखमेवर चोळल्यासारखे झोंबते. इमॅटिनिबसारख्या टार्गेटेड थेरपीच्या गोळ्या चालू असतील तर पपनस व ग्रेपफ्रूट वर्ज्य करावे.

पारा, शिसे, सोमल असलेल्या रसौषधींबाबत या काळात माझे मत एकच आहे: घेऊ नयेत. सिस्प्लॅटिन किंवा मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधांनी मूत्रपिंडावर आधीच भार असतो. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2008 मधील तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. औषध नियमांतील अनुसूची ई-1 या विषारी द्रव्यांच्या यादीतील द्रव्य असलेल्या आयुर्वेदिक औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे कायद्याने आवश्यक आहे. ती सूचना लेबलवर शोधावी. बिब्बा आणि बचनाग हेही त्याच अनुसूचीत येतात.

कच्चे रस हा वेगळाच विषय आहे. गव्हांकुर, दुधी, कोरफड यांचे न शिजवलेले रस, तसेच गोमूत्र, यांतून जंतू थेट पोटात जातात, आणि पेशी कमी असलेल्या शरीराला ते झेपत नाहीत. कडवट लागणाऱ्या दुधीचा रस तर निरोगी माणसालाही जीवघेणा ठरू शकतो. जर्दाळूच्या कडू बियांतून सायनाइड तयार होते. त्या कोणत्याही कारणाने खाऊ नयेत.

केमोच्या दिनदर्शिकेत केव्हा काय

बहुतेक केमोंनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. या काळात नवे काही सुरू करू नये, बाहेरचे खाऊ नये (सराफ्याची चाट कितीही आठवली तरी), आणि बस्ती किंवा एनिमा घेऊ नये, कारण गुदमार्गातील बारीक ओरखड्यातूनही जंतू रक्तात शिरू शकतात. वमन (उलटी करवणे) आणि विरेचन (जुलाब देणे) यांनी शरीरातील पाणी व क्षार घटतात. केमो चालू असताना असे शोधनकर्म, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, करू नयेत, आणि कॅन्सरचे रुग्ण पाहणारा वैद्य तसे सुचवणारही नाही. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा 38 अंश सेल्सियस झाला, तर घरी काढा उकळत न बसता त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेपूर्वी लसूण, आले, हळद यांच्या कॅप्सूल, गुग्गुळ, अश्वगंधा आणि इतर सर्व पूरक औषधे निदान दोन आठवडे आधी थांबवावीत व भूलतज्ज्ञांना त्यांची यादी दाखवावी. यांपैकी काहींनी रक्तस्राव वाढतो, तर काहींनी भुलीच्या औषधांचा परिणाम बदलतो.

रेडिएशनच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक किंवा सिकाई म्हणतात त्याच्या, काळात त्या जागेच्या त्वचेवर हळद, चुना, भस्मयुक्त लेप किंवा तेलाचा जाड थर लावू नये. काय लावावे हे रेडिएशन विभागातच विचारावे आणि शाईच्या खुणा पुसू देऊ नयेत. अभ्यंग करायचेच असेल तर ते हलक्या हाताने, हातापायांपुरते. गाठीवर, केमोपोर्टच्या (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीच्या) जागी, कॅन्सर पोहोचलेल्या हाडावर किंवा अचानक सुजलेल्या पायावर मालीश करू नये. पायाची सूज रक्ताच्या गुठळीची असू शकते.

परवानगी मिळालेले औषधही एका वेळी एकच सुरू करावे, आणि तेही सायकलच्या आठवड्यात नव्हे. दोन-तीन एकदम सुरू केली, तर अंगावर पुरळ कशाने आले ते कोणालाच सांगता येणार नाही.

ज्याचा खरोखर उपयोग होतो

मळमळीसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी, आणि तिच्या जोडीला आले. रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने केमोच्या पहिल्या दिवशीची मळमळ कमी झाल्याचे 576 रुग्णांच्या एका चाचणीत दिसले होते. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही विचारूनच घ्यावे.

तोंड आल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. तुरटी टाळावी. डोक्याच्या व मानेच्या रेडिएशनमध्ये मधाचा उपयोग आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सुचवला आहे. मात्र मध प्रक्रिया केलेला असावा, मधुमेह आटोक्यात असावा, आणि दातांची निगा राखावी.

मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेत सोनामुखी चालते. आधुनिक डॉक्टर सेन्ना या नावाने देतात ते औषध हेच. इसबगोल मात्र पाणी कमी पिणाऱ्या आणि मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात अडकून बसू शकतो. पोट फुगून गॅसही सरत नसेल, तर कोणतेच रेचक न देता डॉक्टरांना दाखवावे.

थकवा, चिंता आणि झोप यांसाठी योगासने व प्राणायाम यांना चांगला आधार आहे. रोज सोसेल तितके चालणे, शवासन, संथ श्वसन. हाडांत कॅन्सर असेल तर वाकण्याची व पिळण्याची आसने करू नयेत.

पथ्याबाबत जरा आग्रहाने सांगावेसे वाटते. दूध, दही, अंडी, डाळी, मीठ, गव्हाची पोळी असे एकेक बंद करत नेलेला रुग्ण सहा आठवड्यांत इतका वाळतो की केमोची मात्रा कमी करावी लागते. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम, शक्य तर दीड ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. मुगाचे घट्ट वरण, मऊ खिचडीवर तूप, पनीर, नीट उकडलेले अंडे, नाचणीची दुधातली पेज, घरी लावलेले ताजे दही, यांत आयुर्वेदाला अमान्य असे फारसे नाही. वैद्यांनी एखादा पदार्थ वर्ज्य सांगितला, तर त्याच्या जागी काय खावे हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे, आणि दर आठवड्याला वजन त्याच कागदावर नोंदवावे.

वैद्य निवडताना

बीएएमएस पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. इंदूरमध्ये लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे शिकलेल्या वैद्याचा सल्ला मिळवणे अवघड नाही. जो वैद्य अहवाल मागतो, केमोच्या तारखा विचारतो आणि औषधाची नावे लिहून देतो, त्याच्याकडे जावे. ‘केमो थांबवा, मग माझे औषध लागू पडेल’ असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे. अशी जाहिरात करणारा पहिल्याच पावलाला कायदा मोडत असतो.

उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि बंद केलेले सर्व डबे पुन्हा उघडतात. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही गोळी पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ चालते, आणि इमॅटिनिबसारखी गोळी अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तोवर आधीचेच नियम लागू राहतात, आणि कागदही प्रत्येक फेरतपासणीला सोबत न्यावा लागतो. बरे करण्याच्या हेतूचा उपचार उरलेला नसेल आणि केवळ आराम द्यायचा असेल, तर मोकळीक थोडी वाढते. तेव्हाही यकृताला वा मूत्रपिंडाला त्रास देणारे टाळून, रुग्णाला जे रुचते ते पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांशी बोलून द्यावे. उधारी करून आणलेली महागडी भस्मे या टप्प्यावर तर मुळीच आणू नयेत.

कोणत्याही औषधानंतर कावीळ, काळपट लघवी, अंगभर खाज, लघवी कमी होणे, काळे शौच किंवा हिरड्यांतून रक्त येणे असे काही दिसले, तर ते तत्काळ थांबवावे, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे आणि तेथे दुष्परिणामाची नोंद करण्यास सांगावे. देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक रुग्णांसाठीही खुला आहे. नोंद करताना बॅच क्रमांक विचारला जातो, म्हणून रिकामी झालेली बाटली उपचार पूर्ण होईपर्यंत भंगारात टाकू नये.